मल्चिंग पेपरचा कमांडर

कमांडर रस्ता ओलांडताना आधी वर बघायचे. मग डावीकडे, मग उजवीकडे. शनिवारच्या बाजाराला काष्टीच्या चौकात ट्रॅक्टर, टेम्पो, शेळ्या, मोटारसायकली सगळं एकाच वेळी अंगावर येत असतं. आणि हा पांढऱ्या मिशांचा, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस मध्येच थांबून आभाळाकडे बघतोय! नवख्याला वाटायचं, म्हाताऱ्याला भोवळ आली. भोवळ कसली! वीस वर्षांपूर्वी एका पिक्चरमध्ये त्यांच्यावर वरून हल्ला झाला होता, तेव्हापासून लागलेली सवय. एकदा मी त्यांना झापलंच, एखाद्या दिवशी टेम्पोखाली याल म्हणून. तर म्हणाले, "सुमे, खालनं येनारं संकट हार्न वाजवून येतं. वरनं येनारं गप येतं."

सुमी म्हणजे मी. लेडीज टेलर. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस, शाळेच्या पोरींचे युनिफॉर्म. माझं दुकान त्यांच्या वेल्डिंगच्या गॅरेजच्या बरोबर समोर, मध्ये फक्त रस्ता. त्यांनी आयुष्यभर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडल्या, आणि मी मशीनवर मान मोडून त्यांच्या ठिणग्या बघितल्या. मला काळजी करायचा रोगच आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅसचा कॉक बंद केला का, या एका प्रश्नापायी मी श्रीगोंद्याच्या एसटीतून दोनदा उतरून परत आलेली बाई आहे. समोर दिवसभर ठिणग्या उडताना मला कसं स्वस्थ बसवेल? त्यांच्या गॅरेजात वाळूची बादली ठेवली ती मी.

तो पिक्चर माझ्या धाकट्या भावाने काढला होता. दिलीप लग्नाचं शूटिंग करतो. तेव्हा नुकती मिसरूड फुटलेली, भाड्याचा कॅमेरा आणि डोक्यात अंतराळ. 'पृथ्वीचा पहारेकरी' असं नाव. परग्रहावरचे लोक भीमेचं पाणी पळवायला येतात आणि कमांडर त्यांना एकट्याने पिटाळून लावतो. धान्याच्या पत्र्याच्या कोठीचं रॉकेट कमांडरांनीच वेल्डिंग करून दिलं, आणि ते बनवता बनवता दिलीपला म्हणाले, "हिरो कोन हाय? न्हाई ना? मग मी हाय." व्हीसीडीचे दिवस होते. श्रीगोंदा तालुक्यात तर ती गेलीच, पण पार दौंड, करमाळ्यापर्यंत लोकांनी बघितली. तेव्हापासून त्यांचं खरं नाव गेलं ते गेलंच. रेशनच्या दुकानात हाक कमांडर, लग्नाच्या पत्रिकेवर कमांडर. तेही मान राखून होते. कुणी सॅल्यूट ठोकला की हातातलं काम खाली ठेवून उलट सॅल्यूट करायचे, मग समोर बालवाडीतलं पोर का असेना.

परवापरवा दिलीपने भाग दोनचं काढलं. तोही आता पोक्त झालाय, पोट सुटलंय, पण डोक्यातलं अंतराळ काही रिकामं झालेलं नाही. पिक्चर मोबाईलवर टाकायचा, सगळ्या जगाने बघायचा. आणि कलाकार? तेच. जुनेच. कमांडर अडुसष्ट वर्षांचे, आणि परग्रहाचा जनरल झालेले श्रीरामपूरचे सर एकाहत्तर वर्षांचे. सर शाळेत कवायत शिकवायचे, आता दोन्ही गुडघे बदललेले. मी दिलीपला म्हटलं, "अरे, ही हाणामारी करायची वयं आहेत का? यांना नातवंडं खेळवू दे." तो म्हणाला, "आक्का, तीच तर मजा आहे."

गावातल्या कॉलेजच्या पोरांनी शंका काढली. अंतराळात फिरून आलेल्या माणसाचं वय म्हणे वाढत नाही, सायन्समध्ये आहे. मग कमांडर म्हातारा कसा? दिलीप गडबडला. कमांडर गॅरेजच्या ओट्यावर चहा पीत बसले होते. कप खाली न ठेवता म्हणाले, "वर न्हाई वाढलं. खाली उतरताना वाटंत वाढलं." दिलीपने ते वाक्य जसंच्या तसं पिक्चरमध्ये घेतलं.

मला मात्र हसू येईना. कमांडरांना बरीच वर्षं बीपी होतं, रोज गोळी. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, मला शूटिंगच्या आदल्या सकाळी घरी बोलावून घेतलं. काकू म्हणजे नुसती काडी, आवाज मात्र खणखणीत. भाकरी थापता थापता म्हणाल्या, "सुमे, त्यो तुजा भाऊ कॅमेऱ्यात डोकं घालून बसतो. तेला काय दिसायचं न्हाई. ह्येंच्याकडं ध्यान तू ठिवायचं. सकाळी धडधाकट नेतीस, संध्याकाळी तसंच आनून द्यायचं. आनशील का?" मी म्हटलं, आणीन. काळजी करणाऱ्या बाईला आणखी एक काळजी रीतसर सोपवली गेली.

सूट शिवायचं काम अर्थातच माझ्याकडे. चंदेरी कापड आणायला बजेट नाही, आणि लग्नातल्या पडद्याचं चंदेरी कापड कॅमेऱ्यात लग्नासारखंच दिसतं. शेवटी कमांडरांनीच उपाय काढला. मिरचीच्या, कलिंगडाच्या बेडवर शेतकरी मल्चिंग पेपर अंथरतात ना, एका अंगाने चंदेरी, एका अंगाने काळा? त्याचा उरलेला रोल त्यांच्या मेहुण्याच्या शेतात पडून होता. तो घेऊन आले आणि माझ्या टेबलावर टाकला. "शीव."

प्लॅस्टिक शिवणं म्हणजे काय असतं ते ज्याने शिवलंय त्यालाच माहीत. सुईचं भोक पडलं की तिथूनच फाटत जातं. मी जाड सुई लावली, टाका मोठा ठेवला, आतून अस्तर लावलं, प्रत्येक शिवणीवर चिकटपट्टी मारली. गळ्यापासून पायापर्यंत एकसंध सूट, त्याला मानेपासून कमरेपर्यंत लांब चेन बसवली, अशी सरळ की बघत राहावं. चार वेळा उसवला, पाचव्यांदा जमला. कमांडरांनी घालून बघितला. दुकानातल्या आरशासमोर, जिथे नवऱ्या मुली ब्लाऊज घालून बघतात तिथे, ते पाय फाकवून, छाती काढून उभे राहिले. मग म्हणाले, "पैल्या भागात मी कामगाराचा डगला घालून लढलो, सुमे. आज पैल्यांदा कमांडर वाटतोय." मला इतकं बरं वाटलं, की त्या भरात मी सुटाला आतून एक खिसा शिवला आणि त्यात कांदा टाकला. ऊन लागू नये म्हणून. वैशाख होता.

शूटिंग गावाबाहेरच्या माळावर. तांबडी मुरमाड जमीन, ना झाड ना झुडूप. परग्रह म्हणून काहीच करावं लागलं नाही. दोन प्लॅस्टिकच्या टाक्या एकावर एक ठेवून रॉकेट केलं. मोटारसायकलच्या हेल्मेटला वेल्डिंगची काळी काच. मी एका दगडावर छत्री घेऊन बसायची, सोबत सुई-दोरा, चिकटपट्टी, ओआरएसची पाकिटं आणि डोक्यात शंभर शंका. दगडाखाली विंचू असेल. टाकी वाऱ्याने पडेल. गोळी घेतली का? हेल्मेटात श्वास येतोय का? मी पाच-पाच मिनिटांनी विचारायची, आणि ते हेल्मेटाच्या आतून अंगठा वर करायचे.

पहिल्याच दिवशी अकराच्या सुमाराला त्यांना लघवीला जायचं झालं. या वयात पुरुषांना ते सारखं लागतं, आणि त्यात बाटलीभर पाणी पिऊन झालेलं. दोघांनी मिळून चेन उघडली, सूट खांद्यावरून खाली ओढला, आणि चेनच्या कडेने पेपर हातभर फाटला. टर्रकन! माझ्या काळजातच फाटल्यासारखं झालं. मी त्या रणरणत्या उन्हात मांडीवर सूट घेऊन दीड तास टाके घालत बसले. बोटात दोनदा सुई गेली. सावल्या फिरल्या, दिलीपचा शॉट गेला, तो ओरडायला लागला. आणि मी चिडले. कुणावर चिडावं? कमांडरांवर! म्हटलं, "कमांडर, शाळेतल्या पोरांनासुद्धा कळतं, बाहेर जाताना पाणी बेतानं प्यावं. एवढं ढोसताय कशाला? जरा दम धरत जा की!"

कमांडर बनियनवर, टॉवेल गुंडाळून उभे होते. त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. "हुकूम!" सगळे हसले. मीही हसले.

त्यानंतर काम झकास चाललं. त्यांची आणि सरांची मारामारी बघायला माळावर अर्धं गाव लोटलं. सरांना गुडघ्यात वाकता येत नव्हतं, कमांडरांना हात वर नेता येत नव्हता. दोघं एकमेकांभोवती असे फिरायचे, जसे बँकेतल्या रांगेत आपला नंबर शोधतायत. दिलीप म्हणाला, स्लो मोशनमध्ये घेऊ या. कमांडर म्हणाले, "आमी स्लोच हाय. तू नुस्ता घे." बरं, ठोसा मारला की मारणारा लगेच विचारणार, "लागलं का हो?" आणि मार खाणारा सांगणार, "न्हाई न्हाई, चालू द्या सर." जनरल पृथ्वी नष्ट करायला आलाय आणि कमांडरला विचारतोय, पाठीत लचक तर नाही ना भरली! दिलीपला सगळे आवाज काढून टाकावे लागले.

सर दर मारामारीआधी छातीवर क्रूसाची खूण करायचे आणि मग कमांडरांसाठीही एकदा करायचे. कमांडर म्हणायचे, "सर, जरा सुमीच्या नावानंबी करा. ती लई भ्येती."

खरंच भ्यायले होते मी. पण मी ज्याला भ्यायले ते निराळंच होतं. सातव्या दिवशी रॉकेटवरून उडी होती. खाली कडबा, त्यावर लग्नाच्या मांडवातल्या गाद्या. उंची फार नव्हती, पण अडुसष्ट वर्षांची हाडं! तीन दिवस मला अन्न गोड लागेना. दिलीपला म्हटलं, उडीला दुसरा कुणी घे. कमांडरांनी ऐकलं. एरवी कधी आवाज न चढवणारा माणूस, पण तेव्हा चढवला. "दुसऱ्यानं उडी मारली तर मी काय केलं? आरं, शॉट संपूस्तवर मानूस म्हातारा न्हाई होत. कट म्हनल्यावर हुतो." आणि मारली उडी. गादीवर पडले, लोळले, उठले, हेल्मेटातून अंगठा वर. त्या संध्याकाळी त्यांना घरी पोचवताना काकूंना म्हटलं, "घ्या मोजून. दोन हात, दोन पाय." काकू म्हणाल्या, "तोंड कसं सुकलंय बघ." मी म्हटलं, "ऊन आहे हो."

आज ते सगळं आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं. कारण मी बघत होते. पाण्याची बाटली मीच त्यांच्या हातात द्यायची. ते घोट घ्यायचे, तोंडात खुळखुळवायचे आणि बाजूला थुंकायचे. मला वाटलं, धूळ जाते तोंडात, चूळ भरतायत. ओआरएसचं पाकीट दिलं की म्हणायचे, ठेव, मागून घेतो. सकाळचा चहा बंद केला होता. मला वाटलं, वजन कमी करतायत हिरो. दिवसभर सूट घालून असायचे, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा उभ्या उभ्या दोन घास खायचे. मी कौतुकाने सगळ्यांना सांगायची, सुटावर किती जीव आहे बघा यांचा!

नवव्या दिवशी शेवटचा शॉट राहिला होता. लढाई संपते आणि कमांडर पाठमोरा चालत रॉकेटकडे जातो, एवढाच. दुपारचं ऊन मावळतीकडे झुकायची वाट बघत होतो. कमांडर सरांना म्हणाले, "दौंडची गाडी गेली का हो?" सर हसले. मग कमांडरांनी मला विचारलं, "सुमे, ट्रॉलीचा दांडा आनलास का?" आवाज जड, शब्द एकमेकांत अडकलेले. मी धावले. हेल्मेट काढलं. मागे जाऊन चेन ओढली. रोज संध्याकाळी सूट काढला की अस्तर पिळून घाम निघायचा. त्या दिवशी मी अस्तराला हात लावला तर कोरडं. अंग तव्यासारखं तापलेलं आणि घामाचा थेंब नाही.

दिलीपच्या गाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मी पूर्ण रस्ता ओल्या टॉवेलने त्यांचं कपाळ पुसत होते आणि मनातल्या मनात काकूंशी बोलत होते. सलाईन लावल्यावर तासाभराने ते शुद्धीवर आले, माणसं ओळखायला लागले. डॉक्टरांनी विचारलं, "लघवी कधी झाली होती शेवटची?" कमांडरांनी माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली. डॉक्टर मला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर थांबा." मी पडद्याच्या बाहेर थांबले. पडदाच तो, भिंत थोडीच?

"सकाळी घरनं जाऊन निघायचं, की संध्याकाळी घरी गेल्यावर," कमांडर हळू आवाजात सांगत होते. "मदी न्हाई. पानीच पीत नव्हतो. चेन मागं हाय हो डॉक्टर. आपल्या हातानं निघत न्हाई. दोन मानसं लागत्यात, आन फाटतं. पोरीनं लई जीव लावून शिवलंय."

चेन मागे. मी तीस वर्षं बायकांचे कपडे शिवतेय. बायकांच्या ड्रेसला चेन मागेच असते. हात आपोआप मागे गेला, आणि मी ती सरळ बसली म्हणून स्वतःवर खूश झाले. कुठल्याही जेन्ट्स टेलरने, अगदी शिकाऊने, ती पुढे लावली असती. उडीला भ्यायले, विंचवाला भ्यायले, वाऱ्याला भ्यायले; आणि संकट माझ्याच मशीनखालून गेलं, माझ्याच बोटांनी. वर 'दम धरत जा' म्हणून बजावणारीही मीच. दवाखान्याच्या बाकावर बसून मी तोंडात पदर कोंबून रडले.

नंतर नगरला हलवलं. किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. तिथल्या डॉक्टरांना मी एकटीने गाठलं आणि विचारलं, हे त्या नऊ दिवसांमुळे झालं का? ते म्हणाले, बीपीने किडन्या आधीच कमजोर झालेल्या होत्या, आज ना उद्या हे व्हायचंच होतं. पाणी तोडलं म्हणून लवकर झालं. लवकर म्हणजे किती लवकर? ते काही सांगता येत नाही म्हणाले. मी तीन वेळा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं. डॉक्टर लोकांना समजूत घालायची सवयच असते.

कमांडरांनाही मी बोललेच. भांडलेच म्हणा ना. "मला सांगायचं नाही का? एका संध्याकाळी पुढे बसवून दिली असती चेन!" ते पलंगावर उशीला टेकून बसले होते. म्हणाले, "बाईमानसाला आसं कसं सांगायचं गं? आन तूच म्हनलीस, दम धर. हिरोनं दम धरला." माझा चेहरा बघून लगेच म्हणाले, "आगं, गंमत केली. रडू नको. आरं देवा, दिलीप, हिला कट म्हन!"

शेवटचा शॉट राहिलाच होता. दिलीपने तो सोडून द्यायचं ठरवलं, पण कमांडर ऐकेनात. "भाग दोन अर्धा ठिवनार व्हय? पाठमोरंच चालायचंय ना? सुमी घालंल सूट. माज्याच मापाची हाय." खरंच, उंचीने आम्ही सारखे, आणि रुंदीने मी काही कमी नाही. मी म्हटलं, आधी चेन पुढे घेते. तर दिलीप म्हणाला, आक्का, आधीच्या सगळ्या शॉटमध्ये चेन मागे दिसलीय. आणि हा तर पाठमोराच. राहू दे.

काकूंनी त्यांना तासाभरासाठी सोडलं. माळावर खुर्ची टाकून ते बसले, सर शेजारी छत्री धरून उभे. मी सूट चढवला. हेल्मेट घातलं. काय सांगू तुम्हाला! पहिल्या मिनिटाला वाफ. दुसऱ्या मिनिटाला अस्तर पाठीला चिकटलं. स्वतःच्या श्वासाचा आवाज सोडून काही ऐकू येईना. कमांडर ओरडत होते, "खांदं पाड, सुमे! कमांडर दमलाय, पर हरलेला न्हाई!" मी चालले. परत घेतलं. परत चालले. चौथ्यांदा घेताना मला जायचं झालं. काळजीने मला नेहमीच होतं तसं. मी हात मागे नेला. चेनची कडी मानेखाली होती. बोटं पोचेनात. डावा हात नेला, तोही पोचेना. आजूबाजूला माणसंच माणसं, आणि कुणाला सांगायचं, कसं सांगायचं? मी तिथेच उभी राहिले. अर्धा तास झाला होता मला. त्यांनी सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घातला होता, नऊ दिवस.

कुणीतरी पाठीला हात लावला. कमांडर खुर्चीतून उठून आले होते. एका हाताने पेपर दाबून धरत, बोटभर बोटभर चेन खाली घेत होते. "दमानं गं. फाटंल."

"फाटू द्या!" मी हेल्मेटाच्या आतून ओरडले. "फाटू द्या ना मेलं!"

श्रावणात कमांडर गेले. दिलीपचा पिक्चर पुढे महिन्याभराने मोबाईलवर आला. लोकांनी बघितला, हसले, टाळ्या वाजवल्या, शेवटच्या चालीला तर डोळे पुसले. गावाबाहेरच्या कुणालाच कळलं नाही, की ती चाल माझी आहे. मला वाटलं होतं, पिक्चर आला की मन हलकं होईल. झालं उलटंच. काकूंना त्या चेनचं कुणी काही सांगितलेलं नव्हतं. ऊन लागलं आणि किडनी गेली, एवढंच त्यांना ठाऊक. मी रस्त्यात त्यांना टाळायला लागले. समोरून येताना दिसल्या की दुकानात शिरून मशीनच्या खाली उगाच रीळ शोधायची.

शेवटी एका सकाळी धीर करून गेले. काकू चुलीसमोर बसल्या होत्या. मी उंबऱ्यातूनच सगळं सांगून टाकलं. सूट, चेन मागे लावली ती चूक, पहिल्या दिवशी मी काय बोलले ते, पडद्याआडून काय ऐकलं ते. एका दमात सांगितलं, मध्ये थांबले असते तर जमलंच नसतं. म्हटलं, तुम्ही माझ्या हवाली केलं होतं माणूस, मी तसं आणून दिलं नाही. आता काय बोलायचं ते बोला.

तव्यावरची भाकरी करपली, तरी काकू हलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तू एकदा म्हनलीस, सुमे. म्या चाळीस वर्सं म्हनत आले. एसटीत बसायचंय, पानी पिऊ नका. लग्नाला जायचंय, पानी पिऊ नका. लोकांत बरं दिसत न्हाई सारकं उठलेलं. तेंच्या डोक्यात ते म्याच घातलंय." आणि त्या खणखणीत आवाजाच्या बाईने माझ्याकडे असं बघितलं, जणू आता मीच त्यांना दोष देणार होते. "ह्ये म्या कुनालाच सांगितलं न्हाई. रोज वाटतं, म्याच मारलं."

मी आत जाऊन त्यांच्याजवळ बसले. हात हातात घेतला आणि म्हटलं, नाही हो काकू, डॉक्टरांनी सांगितलंय मला, बीपीने किडन्या आधीच गेलेल्या होत्या, आज ना उद्या व्हायचंच होतं. तीन वेळा विचारलंय मी. त्या म्हणाल्या, "खरं?" मी म्हटलं, खरं. माझा स्वतःचा त्या डॉक्टरांवर विश्वास नव्हता, आजही नाही. पण काकूंचा बसावा म्हणून मी ते परत सांगितलं, आणि परत सांगितलं.